बालाजीनं कापलेला उजवा फेंडर

माझा भाऊ गेला तेव्हा त्याच्या नखांत पुट्टी होती.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "हे काय लागलंय बोटांना?"
मला रडूच आलं.

बालाजी. माझा धाकटा भाऊ.
धाराशिवहून येडशीकडं जाताना रस्त्याच्या कडेला त्याचं डेंटिंग-पेंटिंगचं शेड होतं.

पण नुसते पोचे काढण्यात त्याचा जीव रमायचा नाही. त्याला गाड्या रुंद करायचं वेड.
वाइडबॉडी म्हणतात त्याला. चाकावरचा पत्रा, म्हणजे फेंडर, कापायचा. नवा, बाहेर फुगलेला घडवून जोडायचा. आत रुंद टायर बसवायचे.

मी ब्लाउज शिवते. गाडीतलं मला काय कळतंय?
तरी काम झालं की त्याचा फोन यायचाच.
"अक्का, येऊन बघून जा."

पहिल्यांदा मी म्हणाले, "मला काय दाखवतोस?"
"दोन बाह्या सारख्या झाल्या का न्हाय ते तुला लांबून दिसतंय. तसंच बघ."

मग त्यानंच शिकवलं.
गाडीच्या मागं उकिडवं बसायचं, दोन्हीकडचा फुगवटा सारखा आहे का बघायचं.
ट्यूबलाइटची रेघ पत्र्यावरून सरळ पळाली पाहिजे. जोडावर मोडली तर काम कच्चं.
आणि चाकाच्या वर, आतून हात घालायचा.
"बाहेरून रंग कुणी बी मारतंय अक्का. आतला जोड उघडा राहिला की चिखल बसतो, पत्रा सडतो."

नंतर त्याची किडनी गेली.
डायलिसिससाठी सोलापूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. घरात सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. मी पण.

त्यातच बार्शीच्या कदमांची गाडी आली. जुनी सेडान, चारी फेंडर रुंद करायचे, पुण्यात गाड्यांच्या शोमध्ये न्यायची होती.
डायलिसिस नसेल त्या दिवशी तो शेडवर जायचा. थोडं काम, मग खाटेवर आडवा. परत उठायचा.
त्याची बायको सविता डबा घेऊन तिथंच बसून राहायची.

रंग झाला. फोन आला.
गाडी इतकी देखणी दिसत होती, काय सांगू. कदम मोबाइलवर फोटो काढत होते.
मी मागं जाऊन बसले.
उजवा मागचा फेंडर जास्त फुगला होता. दाराजवळ उजेडाची रेघ मोडत होती.

मी वर बघितलं. बालाजी भिंतीला टेकून उभा. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले.

"झ्याक झालंय," मी म्हणाले.

तो नुसता बघत राहिला माझ्याकडं.
मग म्हणाला, "अक्का, बाही चुकली तर तू उसवतीस न्हवं का?"

मला राहवलं नाही.
"उजवं मागलं फुगलंय रे. दारापाशी."

त्यानं डोळे मिटून तळवा फिरवला. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं.
"व्हय," म्हणाला. "हितं हात हलला माझा."

कदम म्हणाले, "राहू द्या बालाजी भाऊ! कुणाच्या लक्षात येतंय? तुमची तब्येत बघा."
"अक्काच्या आलं की," म्हणाला. आणि पत्रा कापायचा ग्राइंडर मागवला.

नव्या रंगावर ग्राइंडर चालताना मला बघवलं नाही. मी बाहेर येऊन उभी राहिले.
सविता माझ्या मागं आली. रडत होती.
"वन्सं, तुम्ही गप बसला असता तर काय बिघडलं असतं?"



त्यानं तो फेंडर पुन्हा घडवला. जोडला, पुट्टी भरली, घासली, प्रायमर मारला. दुसऱ्या दिवशी दम लागला म्हणून ॲडमिट केलं.
रंग राहिला.

दवाखान्यात सविता चहा आणायला गेली तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं.

"सविता तुला बोलली ते मला कळलंय. मनाला लावून घेऊ नको."
"तिचं बरोबर हाय बाळ्या."
"न्हाय. सगळे मला बरं हाय, बरं हाय म्हणतेत. डॉक्टर बी. त्या दिवशी तू झ्याक म्हणालीस तवा मनात म्हटलं, अक्का बी खोटं बोलायली, म्हंजी आपलं संपलं."

मी त्याचा हात धरला.

"मग तू खरं सांगितलंस. लई बरं वाटलं. परत कारागीर झालो बघ."

तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

कदमांनी गाडी शोला नेलीच नाही. नंतर सावकाश दुसऱ्या पेंटरकडून रंग मारून घेतला.
आज वर्षश्राद्धाला ते तीच गाडी घेऊन आले. दारात लावली.

जेवणं झाल्यावर मी गाडीच्या मागं जाऊन बसले. सविता आली, शेजारी बसली.
"सारखं झालंय का, वन्सं?"
"व्हय."
"मला बरं वाटावं म्हणून म्हणत न्हाय ना?"
"न्हाय गं. खरंच सारखं झालंय."

तिनं पदरानं डोळे पुसले. आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो. कदम लांब उभे होते, त्यांनी घाई केली नाही.

बाळ्या, वर्ष झालं तुला जाऊन. घरात अजून कुणाला धड करमत नाही.
जिथं असशील तिथं सुखात राहा.
तुझ्या अक्काचा तुला शेवटचा नमस्कार. 🙏