पुस्तकाला घातलेलं कव्हर

पुस्तकाचं नाव लपवून वाचायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का?

काल विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझी मैत्रीण मुक्ता एका जाड पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घालत होती. तरुण मुलं दहशतवादी संघटनांकडे का ओढली जातात, यावर ती पीएच.डी. करते आहे.

"पुन्हा पहिलीत गेलीस काय गं?" मी म्हटलं.

"घरमालकांनी हे पुस्तक पाहिलं. म्हणाले, दहशतवाद्यांची बाजू घेणारी मुलगी आमच्याकडे नको. परत असलं काही दिसलं तर खोली सोड."

"त्यांना भावाचं सांगितलंस?"

"नाही. तो गेला म्हणून मला वाचायची परवानगी मिळणार असेल, तर ती नको."

तिचा भाऊ बाजारातल्या बॉम्बस्फोटात गेला.

आपल्या भाषेत कारण आणि सबब हे दोन वेगळे शब्द आहेत. सबब सांगतात ती गुन्ह्यातून सुटण्यासाठी. कारण शोधतात ते पुढचा स्फोट टाळण्यासाठी. हा फरक पुसणाऱ्यांना चौकात मेणबत्त्या लावलेल्या चालतात, 'हे का झालं' असं विचारलेलं चालत नाही. मी तर विचारणारच, आणि मोठ्याने.

मुक्ताने कव्हरचे कोपरे नीट दुमडले आणि ती खाली मान घालून वाचायला लागली. ते कव्हर तिने घातलं असलं तरी काढायचं काम आपलं आहे. शेजारी कुणी असं पुस्तक वाचताना दिसलं, तर कुणाची बाजू घेतेस, असं विचारू नका. काय सापडलं, ते विचारा.