पदकाच्या कडेवरचं नाव

चष्म्याच्या दुकानात त्यांना सगळे काकूच म्हणायचे. गिऱ्हाईक नसलं की काकू खणातून एखादं जुनं लष्करी पदक काढायच्या, भिंगाखाली धरून त्याची कड हळूहळू फिरवायच्या. हवाई दलाची पदकं त्यांच्या खास आवडीची, पण कडेवर नाव कोरलेलं असेल तरच घ्यायच्या. "नाव नसलं तर तो नुसता धातू," असं त्यांचं म्हणणं. यजमान बस चालवून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "माझ्या शर्टाला बटण नाही, पदकांना मात्र मखमल आहे."

नाव मिळालं की शोध सुरू. तो कुठल्या तुकडीत होता, विमानात काय काम करायचा, परत आला की नाही. बहुतेक वेळा शोध एखाद्या स्मारकावरच्या ओळीपाशी संपायचा.

एकदा जुन्या बाजारात, गंजक्या किल्ल्यांच्या ढिगात, काकूंना एक काळवंडलेलं पदक सापडलं. नाव विमानात बिनतारी यंत्र सांभाळणाऱ्या एका हवाई सैनिकाचं निघालं. आडनाव दुर्मिळ, म्हणून काकूंनी त्या आडनावाच्या लोकांना फोन लावायला घेतले.

"तुमच्याकडे कोणी विमानात होतं का हो?"

"बाई, आमच्याकडे कोणी शिडीवरसुद्धा चढत नाही," एकाने सांगितलं. दुसऱ्या बाईंना वाटलं काकू तिकिटं विकतायत.

शेवटी एका म्हाताऱ्या, खणखणीत आवाजाने फोन उचलला. काकूंनी नाव वाचून दाखवलं. "हे तुमचे कोण?"

"कोण म्हणजे? मीच."

काकूंनी कडेवरचं नाव पुन्हा एकदा वाचून पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी गेलेल्या माणसांचा माग काढला होता. जिवंत माणसाला काय विचारायचं ते ठरवलंच नव्हतं. शेवटी आजोबांनीच विचारलं, "बऱ्या आहात ना?"

रविवारी काकू यजमानांना घेऊन गेल्या. दार आजोबांच्या मुलीने उघडलं. आजोबांनी पदक तळहातावर घेतलं, अंगठ्याने कड चाचपली आणि डोळे भरलेले असतानाच हसायला लागले.

"घर बदलताना हरवलं हे. बायको म्हणायची, एवढं एक मिळालं, तेही धड ठेवता आलं नाही."

मग गोष्टी निघाल्या. एकदा ढगात वाट चुकली आणि नेमकी यंत्राची तार तुटली. आजोबांनी दोन्ही टोकं बोटांनी जुळवून धरली. "सारखे झटके बसत होते, वैमानिक दिशा विचारत होता आणि मी तोंडाला येईल ते बोलत होतो. ते सगळं खाली तळावर ऐकू गेलं. तिथला माणूस म्हणाला, या शिव्या आपल्याच पोराच्या आहेत, धावपट्टीचे दिवे लावा."

मुलगी आ वासून ऐकत होती. "बाबा, आम्हाला साधं 'गाढव' म्हणायची बंदी होती या घरात."

"मग? घरात कुठे तार तुटली होती?"

यजमान इतके हसले की त्यांना ठसका लागला.

काकूंनी पदक आजोबांच्या स्वेटरवर लावलं. संग्रहातलं पदक त्यांनी आजवर कुणाला दिलं नव्हतं, पण हे देताना हात जराही अडखळला नाही. स्वयंपाकघरात मुलगी काकूंना म्हणाली, "आई गेल्यापासून इतके बोललेच नव्हते ते." तिकडे आजोबा आणि यजमान विमानाचं इंजिन भारी की बसचं, यावर हमरीतुमरीवर आले होते. निघायची वेळ टळून गेली, तरी दोघंही ऐकायला तयार नव्हते. काकूंनी पर्स पुन्हा खाली ठेवली आणि खुर्ची ओढून त्यांच्यात जाऊन बसल्या.