केळ्यांच्या खोलीतला ठिपका

मानसशास्त्राच्या एम.ए.च्या प्रकल्पासाठी मला काळोखी खोली हवी होती. विरारच्या आमच्या फ्लॅटमध्ये पडदे लावले तरी कुठून ना कुठून उजेड घुसतोच, म्हणून लॅपटॉप उचलून मी निर्मळला बाबांकडे गेले. तिथे केळी पिकत घालायची बिनखिडकीची खोली आहे.

प्रयोग साधा होता. पडद्यावर मंद राखाडी वर्तुळ आणि त्याच्या मधोमध क्षणभर येणारा बारीक ठिपका. मी बटण दाबायचं, बाबांनी ठिपका दिसला तर "दिसला" म्हणायचं. वर्तुळ थोडं वाढवलं की ठिपका दिसायला जास्त प्रकाश लागतो. खूप वाढवलं की पुन्हा कमी प्रकाश पुरतो. हा चढउतार मला आलेखात दाखवायचा होता. मैत्रिणींच्या आलेखांत तो छान आला. बाबांचा आलेख मात्र पट्टी ठेवून आखल्यासारखा सपाट!

लहान वर्तुळ, "दिसला." मोठं वर्तुळ, "दिसला." ठिपका इतका अंधुक केला की मलाच दिसेना, तरी "दिसला." तीन दुपारी अशा वाया गेल्या. प्रकल्प द्यायला आठवडा उरला होता आणि माझं डोकं फिरायची वेळ आली होती. पहाटे अंधारात मोगऱ्याच्या कळ्या खुडणारा माणूस, नजर तीक्ष्णच असणार, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

चौथ्या दुपारी मी नुसतंच बटण दाबलं. ठिपका दिलाच नाही.

"दिसला."

"बाबा, तिथे काही नव्हतंच!" मी ओरडले. "मला नापास करायचंय का तुम्हाला?"

ते ओशाळले. "टक् वाजलं की बोलायचो गं. नाही म्हटलं तर तुझं काम अडेल, असं वाटलं."

"मग कळ्या कशा खुडता?"

"त्या बोटांना कळतात."

"आणि फुलं घेऊन पहाटे स्कूटरवर स्टेशनला जाता, ते?"

"रस्ता पाठ आहे," ते म्हणाले. "आईला सांगू नको."

माझा संताप अजून उतरला नव्हता, पण आता तो माझ्यावरच होता. चार दिवस मी आलेखच बघत बसले होते, बाबांकडे नाही. मी सगळ्यात मोठं वर्तुळ घेतलं, ठिपका होईल तेवढा ठळक केला आणि म्हटलं, "आता खरं सांगायचं."

टक्.

बाबा पुढे वाकले, गुडघ्यांवर हात टेकून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"नाही," ते म्हणाले.