शेवटचं काज

काजवाल्याचं काम एकच, शर्टांना काजं करायची नि बटणं लावायची. उभी हयात त्यात गेली, पण रोज कामावरून उठताना तो एक काज मुद्दाम बाकी ठेवायचा. त्याचा बाप एका दुपारी पोटभर जेवला, "आता काऽही नको बाबा," म्हणाला, नि भिंतीला टेकला तो टेकलाच. तेव्हापासून सुख पुरतं झालं की ह्याला मरणाची धास्ती वाटायची.

आज मात्र घात झाला. बायको मोठ्या दुखण्यातून उठून सकाळी पहिल्यांदा ओट्याशी उभी राहिली, त्याला चार नावं ठेवत तिनं डबा भरून दिला. त्या तंद्रीत तो गुणगुणत बसला आणि शेवटचं काजही करून मोकळा झाला.

शिंपीमास्तर हसले. "काय रे, आज सगळं उरकलंस? सूर्य कुठं उगवला म्हणायचा?"

काजवाल्यानं रिकाम्या टोपलीकडं पाहिलं. "मास्तर, एखादा शर्ट द्या की. एकच काज."

"संपलं म्हणतोय ना! जा घरी, वहिनी वाट बघत असतील."

असतील ना? तो चपला अडकवून पळतच सुटला. दोन-दोन पायऱ्या टाकत जिना चढला. दार वाजवलं. आतून हूं नाही की चूं नाही. कान लावला, नळ ठिबकत होता, तेवढंच. त्यानं स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण हिसडून तोडलं. "हे बघ, राहिलं की अपुरं!" कुणाला म्हणाला, त्याचं त्यालाच ठाऊक.

"अहो, दार फोडताय की काय?"

बायको वाळलेले कपडे घेऊन गच्चीवरून उतरत होती. तो मटकन पायरीवर बसला.

घरात शिरताच तिची नजर शर्टावर गेली. "जगाला बटणं लावता नि स्वतःचा गळा उघडा! बसा इकडं."

"राहू दे. उद्या लाव."

"का म्हणून?"

मग त्यानं पहिल्यांदाच सांगितलं. बाप, काज, सगळं.

ती सुईत दोरा ओवत ऐकत होती. "म्हणजे इतकी वर्षं माझ्याकडं सुखानं बघायलाही भ्यायलात? हलू नका, टोचेल."

सुई गळ्याशी फिरत होती. तिनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. तिच्या केसांना उन्हाचा वास येत होता.

"आता... काही नको," तो कसाबसा म्हणाला आणि तिचा हात गच्च धरला.

"सोडा की, चहा टाकते."

"थांब. अजून जरा वेळ बघू."