दामूचे उपास

आमचा कुत्रा सोमवार, गुरुवार आणि संकष्टी धरायचा. त्याच्या मनात नव्हतं. माझ्या होतं!

दामू दिसायला लॅब्राडोर, वागायला जावई. ताट पुढ्यात आल्याशिवाय जागचा हलायचा नाही. एकदा माझी सून मेघना त्याला मानपाड्याच्या डॉक्टरीणबाईंकडे लस टोचायला घेऊन गेलेली. परत आली ती कागद नाचवतच.

“अण्णा, दामू एक्केचाळीस किलो भरला! निदान आठ किलो उतरवा म्हणाल्या, नाहीतर गुडघे जातील.”

कागदावर लिहिलेलं : उकडलेला लाल भोपळा, गाजर, बिनमिठाचं चिकन आणि मोजून वाटीभर भात. मी चौथी पास आहे, पण एवढं वाचता येतं.

“हे जेवण आहे की शिक्षा?”

“डाएट आहे, अण्णा.”

“मेघना, मोहने गावच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं कँटीनचा आचारी होतो. सहाशे माणसं माझ्या हातचं जेवायची. मला तू कुत्र्याचं जेवण शिकवतेस?”

“त्या सहाशे जणांचे गुडघे कसे आहेत, विचारलंत कधी?”

(सून शिकलेली आणली की हे असं होतं. आणली मीच, पसंत करून.)

शेवटी तीच म्हणाली, “बरं, एक महिना तुमच्या पद्धतीनं. वजन उतरलं तर तुमचं खरं. वाढलं तर दामूचं ताट माझ्याकडे. मग तुम्ही हात लावायचा नाही.”

मी छाती काढून हो म्हटलं, पण आतून हललेलो. आमच्या हिला माझ्या हातचं तिखट सोसत नाही, मुलगा ऑफिसात जेवतो, नातू मोबाईलवरून मागवून खातो. माझ्या हातचं खाऊन शेपूट हलवणारा घरात एवढा एकच उरलेला!

विचार केला, वजन उतरवायचं तर पोटाला विश्रांती हवी. म्हणजे उपास. आमची ही चाळीस वर्षं उपास करतेय. (चाळीस वर्षांत ती कधी बारीक झालेली दिसली नाही, हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.) ठरलं! हिच्याबरोबर दामूचेही उपास.

पण उपास म्हणजे काय उपाशी राहायचं? मुकं जनावर ते! पहिल्या सोमवारी मी साबुदाण्याची खिचडी केली. साजूक तुपात जिऱ्याची फोडणी, बटाटा, दाण्याचा कूट सढळ हातानं. कँटीनचा हात माझा, दोन माणसांचं करायला घेतलं तरी बाराचं होतं. दामूनं परात चाटून अशी लख्ख केली की हिनं ती न घासताच उचलून ठेवली. (मी मागाहून घासली.)

“अहो, कुत्र्याला कसला उपास?” ही म्हणाली.

“तू गप. आत्मा सगळ्यांचा सारखा असतो.”

“आत्म्याला तूप जरा कमी घाला.”

गुरुवारी वरीचा भात आणि दाण्याची आमटी. संकष्टीला रताळ्याचा कीस. दामू एवढा श्रद्धाळू झाला की मिक्सरमध्ये दाणे पडल्याचा आवाज आला, की देवघरासमोर जाऊन बसायचा! (देवघर आमच्या स्वयंपाकघरातच आहे.) मंगळवारी पोळी पुढे केली तर तोंड फिरवलं. म्हटलं, याला भक्तीची ओढ लागली. मग शनिवार वाढवला, एकादशीही धरली.

बिल्डिंगमध्ये मीच सांगत सुटलेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतवहिनी दर्शनालाच आल्या.

“काय हो अण्णा, खरंच खात नाही?”

“उपासाचं सोडून कशाला तोंड लावत नाही, वहिनी!”

त्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडून राजगिऱ्याचे लाडू आणि उपासाचं थालीपीठ यायला लागलं. दामूला एकट्याला खायला संकोच नको, म्हणून मीही बसायचो. मी उपास करत नाही. त्यामुळे दुपारचं जेवून वर फराळ करायला मला कसलीच आडकाठी नव्हती.

महिना भरला. मेघना, मी आणि दामू दवाखान्यात गेलो. दामू काट्यावर चढला आणि लगेच बसला. उभं राहणं त्यानं सोडलेलंच.

चव्वेचाळीस!

मेघनानं माझ्याकडे नुसतं बघितलं. ते जास्त लागतं.

“काटा बिघडलाय,” मी म्हटलं.

“काका, गेल्याच आठवड्यात तपासून घेतलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“बिघडलाय म्हणजे बिघडलाय! थांबा, मी उभा राहतो. माझं वजन मला पाठ आहे. बहात्तर!”

चपला काढून चढलो. सत्त्याहत्तर.

“बघा! सरळ पाच किलो जास्त दाखवतोय!”

डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यातली कुत्र्यांच्या खाण्याची दहा किलोची पिशवी उचलली आणि काट्यावर ठेवली.

दहा.

दवाखान्यात एक मांजर होतं, तेसुद्धा माझ्याकडे बघत होतं.

“अण्णा,” मेघना गोड आवाजात म्हणाली, “दामूचं ताट आजपासून माझ्याकडे. आणि तुमचंही.”

शब्द दिला म्हणजे दिला. त्या दिवसापासून मी गॅसपाशी जात नाही. संध्याकाळी साडेसातला मेघना दोन स्टीलच्या ताटल्या भरते. दामूची खाली, माझी टेबलावर. दोन्हींत भोपळा, गाजर, मोजका भात. माझ्यात मीठ, हळद आणि जिऱ्याची फोडणी, त्याच्यात नाही. एवढाच माझा मान राहिलाय.

काल ती फोनवर बोलत होती आणि ताटल्यांची अदलाबदल झाली. बिनफोडणीच्या जेवणाला सरावलेल्या दामूनं फोडणीचा वास घेतला, नाक उडवलं आणि पाठ फिरवून बसला. तेव्हा मेघना ओरडली, “अण्णा, थांबा! ते दामूचं आहे!”

पण थांबायला ताटलीत काही उरलेलं नव्हतं. एकतीस वर्षांचा आचारी मी, पुसून खाल्लेलं. वर तिला म्हणालेलोसुद्धा, “आज हाताला चव आली हो तुझ्या!”