मळक्या कपड्यांची पिशवी

खिडकीतून पाहिलं, तर नवरा शेजारच्या तंबूतल्या माणसाला आमची भाड्याची कॅम्पर व्हॅन कौतुकाने दाखवत होता. "आत सगळी सोय आहे. कपड्यांचीसुद्धा कटकट नाही," तो म्हणाला. माझ्या मस्तकात तिडीक गेली. त्या कटकटीची पिशवी माझ्या अंथरुणावर होती. समुद्रात भिजलेल्या चड्ड्या, घामट बनियन, वाळूने भरलेले टॉवेल, दोन्ही मुलांचे मोजे, सगळं तिच्यात कोंबलेलं. त्या कुबट वासात मी रोज अंग चोरून झोपत होते. चाकांवरचं घर म्हणे! घराला चाकं लागली, तरी घाण ठेवायची जागा बाईजवळच कशी असते?

मी पिशवी उचलली आणि ज्याचे कपडे त्याच्या उशीवर ओतले.

नवरा आत आला. "अगं, हे काय? बाहेर नळ आहे, धुऊन टाकायचे होतेस ना!"

मी चप्पल घातली, किनाऱ्यावर गेले आणि वाळूत हातपाय पसरून आडवी झाले. मागून धाकट्याची हाक आली, "आई, साबण कुठाय?"

मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.