पेन्सिलीतले तास

सत्तावीस तारखेला सकाळी आठ वाजता रेकॉर्डच्या बाई बसमधून उतरून वैमानिक शाळेच्या दारापाशी आल्या, तर काचेला आतून एक कागद चिकटवलेला. काच कित्येक दिवसांत पुसलेली नव्हती, त्यामुळे चष्मा लावूनही वाकून वाचावं लागलं. शाळेचं दिवाळं निघालं होतं. कागदावर ते इतकं सरळ लिहिलेलं नव्हतं. कलम, उपकलम, न्यायालयाचा आदेश, तात्काळ प्रभावाने, असं बरंच काही होतं. पण बावीस वर्षं सरकारी पत्रं वाचलेल्या माणसाच्या हाताला त्यातलं हाड बरोबर लागतं.

आत एक अनोळखी माणूस उभा होता. त्यानं बाईंना स्वतःच्या वस्तू घ्यायला दहा मिनिटं दिली. बाईंनी खुर्चीवरचा स्वेटर घेतला, पाण्याची बाटली घेतली, आणि खणातून एक पत्र्याची डबी काढली. माणसानं डबी उघडायला लावली. आत दोन पेन्सिली, टोकयंत्र आणि झिजून सुपारीएवढं झालेलं खोडरबर.

"हे शाळेचं नाही ना?"

"माझं आहे. शाळेचं रबर कागद फाडतं."

त्या रबरावरूनच पोरांनी बाईंचं नाव 'खोडरबर' पाडलं होतं. तोंडावर 'मॅडम', पाठ फिरली की 'खोडरबर आली रे'. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून आवडतही होतं.

त्यामागे एक नियम होता, आणि तो बाईंनी स्वतः घातलेला होता. शिकाऊ वैमानिक जितके तास उडतो तितके तो आपल्या लॉगबुकात लिहितो, आणि मुख्य प्रशिक्षकाची सही पडली की ते तास खरे. असे दोनशे तास भरले की लायसन्ससाठी फाईल पाठवता येते. फार पूर्वी एका मुलानं शाईनं दीड तास जास्त लिहिला, विमान खात्यानं ती फाईल तोंडावर फेकल्यासारखी परत पाठवली, आणि मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणत, बाईंवर सगळ्या ऑफिससमोर ओरडले. त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम केला: महिनाभर पोरांनी तास पेन्सिलीनं लिहायचे. महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाई प्रत्येक ओळ विमानाच्या वहीशी ताडून बघणार, चुकलेलं खोडणार, मग पोरं शाईनं गिरवणार आणि कॅप्टन सही करणार. विमानाची वही वेगळी असते. ती हँगरमधला मिस्त्री त्याच दिवशी, त्याच वेळी, शाईनं भरतो. माणूस विसरतो, थापा मारतो. इंजिनाला तेवढी अक्कल नसते.

त्यानंतर शाळेची एकही फाईल परत आली नाही. हे वाक्य बाई नव्या पोरांना पहिल्या दिवशी ऐकवत. लग्न केलं नाही, घर भावाचं, खोली मागच्या बाजूची. आपलं म्हणून मिरवावं असं त्यांच्यापाशी हे एकच वाक्य होतं.

आता महिना संपायला तीन दिवस असताना दाराला कुलूप लागलं होतं, आणि दोनशेच्या उंबरठ्यावर आलेल्या एकतीस पोरांचे महिनाभराचे तास पेन्सिलीत होते.

त्यातली एक बाईंच्या भावाची मुलगी होती. तिला या शाळेत बाईंनीच आणलं होतं. ऑफिसात तिनंही आपल्याला 'मॅडम' म्हणायचं, 'आत्या' घरी, असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पोरगी हुशार, पण धांदरट. शाईत एकशे अठ्ठ्याऐंशी तास. या महिन्याचे पेन्सिलीत बारा तास वीस मिनिटं. तिचं शेवटचं उड्डाण सव्वीस तारखेला सकाळी झालं, आणि ती हेडफोननं दाबून बसलेले केस मोकळे करत बाईंच्या टेबलापाशी आली होती.

"मॅडम, दोनशे झाले. कॅप्टन आत आहेत. आजच सही घेऊ का?"

"शेवटच्या तारखेला."

"आत्या, चारच दिवसांचा प्रश्न आहे."

"म्हणूनच थांब. आणि इथं आत्या नाही."

कॅप्टन खरंच आत होते. दार अर्धं उघडं होतं. त्यांच्या पेनाचं टोपण निघालेलं बाईंना बसल्या जागेवरून दिसत होतं.

कागद लागला त्या दिवशी भावानं बाईंना काहीच विचारलं नाही. विचारलं ते वहिनीनं, भांडी पुसता पुसता. "म्हणजे घरचं माणूस ऑफिसात असून उपयोग काय झाला म्हणायचा?" पोरीनं आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. तिच्या लेखी परीक्षांची मुदत पुढच्या महिनाअखेरीला संपत होती. त्याआधी फाईल गेली नाही तर सहाच्या सहा पेपर पुन्हा. दुसरी शाळा गावाबाहेर, लांब, आणि तिथं नाव घालायलाच दोन महिने.

बाई कॅप्टनच्या घरी गेल्या. हॉलमध्ये खोकी बांधून ठेवलेली. त्यांना दुसरीकडे नोकरी लागली होती, तीही दिवाळं निघायच्या पंधरा दिवस आधी. हे त्यांनी सांगितलं नाही, खोक्यांवरच्या नव्या पत्त्यानं आणि तारखेनं सांगितलं.

"आता लॉगबुकात सही केली तर तारीख आजची पडेल," कॅप्टन म्हणाले. "आणि आज मी कुणाचाच मुख्य प्रशिक्षक नाही."

"मग पोरांनी काय करायचं?"

"सव्वीसपर्यंत मी होतो. सव्वीसपर्यंत कुणी किती उडालं याचा तक्ता करून आणा, मी दाखला देतो. खातं तो मान्य करेल. पण विमानांच्या वह्यांवरून केलेला हवा. पोरांच्या पेन्सिलीवरून नको."

"वह्या सीलमध्ये आहेत."

"ते तुम्ही बघा. तुमचा तक्ता असला की मी डोळे मिटून सही करतो. बावीस वर्षं तेच तर केलं."

बाईंना हे कौतुक वाटायला हवं होतं.

शाळेची मालमत्ता विकायला न्यायालयानं नेमलेला लिक्विडेटर कॅप्टनच्याच केबिनमध्ये बसला होता. सभ्य, हळू बोलणारा. त्यानं बाईंना खुर्ची दिली आणि पोरांसाठी एकतीस फॉर्म दिले. बाईंनी फॉर्म बाजूला ठेवले.

"मला फक्त विमानांच्या वह्या बघायच्यात. या महिन्याची पानं."

"त्या विमानांबरोबर विकल्या गेल्या. चारही विमानं परदेशी जाणार. न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्या मला कुणाला दाखवता येत नाहीत, आणि पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे."

"त्यात आमच्या पोरांचे तास आहेत."

"त्यात विमानांचे तास आहेत, मॅडम. या महिन्यात ही विमानं तीनशे बारा तास उडाली. तेवढी झीज धरून आम्ही किंमत कमी केली."

"म्हणजे ती उडाली हे तुम्हाला मान्य आहे."

"अर्थात."

"मग ती उडवली कुणी?"

"तो माझ्या कामाचा भाग नाही," असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्याचा राग करावा असं त्याच्यात काहीच नव्हतं. बाईंना त्याचाच राग आला.

तीन आठवडे असेच गेले. पोरं जिन्यात येऊन उभी राहत. आधी 'मॅडम, काही झालं का', मग 'झालं असेलच म्हणा तुमच्या घरच्या पोरीचं'. एकानं तर त्यांच्या दारावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं: चूक असल्यास खोडावे. बाईंनी ते खोडलं.

मग एका संध्याकाळी मिस्त्रीचा फोन आला. विमानं ताब्यात देईपर्यंत त्याला ठेवून घेतलेलं होतं. "बाई, उद्या नऊला ते लोक येतायत. वह्या सातपासून माझ्या बाकावर असतील. मी हात धुवायला जाईन. ग्रीस फार चिकट असतं, मला वेळ लागतो."

सकाळी सातला बाई आणि पोरगी हँगरमध्ये होत्या. चारही विमानं धुऊनपुसून उभी, पाठवणीला काढल्यासारखी. शेपटीवरची शाळेची खूण खरवडून काढलेली, तिथला पत्रा जखमेवरच्या कातडीसारखा फिकट. पोरगी वहीतून मोठ्यानं वाचू लागली, बाई तक्त्यात लिहू लागल्या. महिनाभरानं पहिल्यांदाच दोघी एकमेकींशी सलग बोलत होत्या, मग ते आकडे का असेनात. तारीख, इंजिन सुरू, इंजिन बंद, वैमानिक, मिस्त्रीची सही. पोरगी प्रत्येक ओळीला शेवटी 'सही आहे' म्हणे. तीन वह्या झाल्या. चौथीत सव्वीस तारीख आली.

"नऊ दहा ते अकरा. मी. पुढचं."

बाईंचा हात थांबला. "सही?"

"आहे गं. लिही ना."

"वही इकडे दे."

"आत्या, वेळ कमी आहे."

"इकडे दे."

वहीत मिस्त्रीच्या ठसठशीत अक्षरात होतं: इंजिन सुरू नऊ चाळीस, बंद अकरा. बाईंना तो दिवस आठवला. शाळेला कुणी उधारीवर इंधन देईना, टाकीची गाडी अर्धा तास उशिरा आली होती, आणि पोरगी विमानात पट्टा बांधून बसून होती. बसली ती वेळ तिनं लिहिली होती. एक तास पन्नास नव्हे, एक तास वीस. एकूण एकशे नव्याण्णव तास पन्नास मिनिटं.

"दहा मिनिटं कमी," बाई म्हणाल्या.

"मला दिसतंय."

"तुला आत्ता दिसलं की आधी माहीत होतं?"

"आत्ताच. शपथ." पोरगी कुजबुजायला लागली. "आत्या, ही वही नऊला जाणार. परत कुणी बघणार नाही. कॅप्टन तुझ्या तक्त्यावर डोळे मिटून सही करणार. फक्त तुला माहीत आणि मला."

"मला माहीत आहे ना."

"त्या दिवशी सही घेतली असतीस तर…"

"तर चूक शाईत गेली असती."

"गेली असती ना! गेली असती तर बिघडलं काय असतं? मला उडवता येत नाही का? दहा मिनिटांनी येणार होतं का?" तिचा आवाज हँगरच्या पत्र्यावर आपटून परत आला. "न बघता लिहिलं असतंस एकदा. बावीस वर्षांत एकदा."

बाईंना असंच गयावया करणारा एक बाप आठवला. त्याच्या मुलाची पाच मिनिटं कमी होती. 'पाच असोत की पन्नास' असं त्या त्याला म्हणाल्या होत्या, आणि नंतर घरी येऊन जेवताना तो किस्सा रंगवून सांगितला होता. भाऊ हसला होता. ही पोरगी तेव्हा लहान होती, तीही हसली होती.

त्यांनी पर्समधून डबी काढली. पोरीच्या लॉगबुकात सव्वीस तारखेची ओळ अजून पेन्सिलीत होती. त्यांनी ती खोडली, कागदावरचा भुगा फुंकला, आणि नऊ चाळीस लिहिलं. तक्त्यातही तेच लिहिलं. पोरीनं अडवलं नाही. ती हात बांधून, चाकांकडे बघत उभी राहिली.

मिस्त्री हात पुसत आला. त्यानं दोघींचे चेहरे पाहिले आणि वह्या एकावर एक रचल्या. पाठोपाठ घेणाऱ्यांची माणसं आली. त्यांचा वैमानिक चौथ्याच विमानात चढला. नेण्याआधी एक चक्कर मारून बघतो म्हणाला. बाई आणि पोरगी कुंपणापाशी उभ्या राहिल्या. विमान उठलं, डावीकडे वळलं, धावपट्टीला समांतर गेलं, पुन्हा वळलं आणि उतरलं. ही चक्कर पोरीनं शेकडो वेळा मारली होती. वळणावर तिची मान नकळत डावीकडे कलली.

मिस्त्रीनं घड्याळ बघितलं, वही बाकावर सपाट केली आणि शाईनं लिहिलं: बारा मिनिटं.

तीस फायली गेल्या. तीसही मंजूर झाल्या, एकही परत आली नाही. त्यातल्या एका मुलानं बाईंना फोन करून आभार मानले. बाईंनी हे रात्री जेवताना सांगितलं, तेव्हा वहिनी ताट अर्धं टाकून उठली.

पोरीची मुदत संपली. पेपर पुन्हा द्यायचे की नाही यावर ती बोलत नाही. एका दुकानात हिशेबाला लागली आहे. सकाळी निघते, संध्याकाळी येते, घरात कुणाशी भांडत नाही. बाईंच्या खोलीत मात्र ती येत नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहते.

"मॅडम," ती म्हणते, "जेवायला वाढलंय."